फ्रान्सच्या शाळेत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून वर्षभर: अर्जापासून परतीपर्यंत

पदवी हातात आलीय, पुढे शिकायचंय पण लगेच नाही, मधलं एक वर्ष परदेशात शिकवण्यात घालवावं असं मनात आहे, अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. मी बी.ए. झाल्यावर उत्तर फ्रान्समध्ये, अमियां अकादमीतल्या, म्हणजे अमियां शिक्षण विभागातल्या, एका छोट्या गावच्या शाळेत इंग्रजीची असिस्टंट होते. त्या काळात मला सगळ्यात जास्त कशाची गरज भासली असेल तर कोणता कागद कोणत्या कागदाच्या आधी हवा, हे आपल्या भाषेत सांगणाऱ्या माणसाची. शिकवणं जमतं. कागदांचा क्रम चुकला की मात्र पगार अडकतो, घर मिळत नाही आणि ऑक्टोबरचा सगळा महिना कार्यालयांच्या पायऱ्या चढण्यात जातो. म्हणून इथे भर क्रमावर आहे.

१. आधी ठरवा: पैसे भरून स्वयंसेवा, की पगारी नेमणूक

‘परदेशात इंग्रजी शिकवा’ असं शोधलंत की पहिल्या पानावर बहुतेक जाहिराती दिसतात त्या पॅकेजच्या. दोन आठवडे, चार आठवडे, राहणं-जेवण धरून अमुक इतके डॉलर. यातल्या काही संस्था चांगल्या असतील, पण पैसे भरण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा: कोणत्या व्हिसावर बोलावताय? ‘टुरिस्ट व्हिसा चालतो, तिथे कोणी विचारत नाही’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. बऱ्याच देशांत बिनपगारी काम हेसुद्धा कामच धरलं जातं. थायलंडमध्ये स्वयंसेवकालाही वर्क परमिट लागतं. पकडले गेलात तर संस्था हात वर करते आणि पासपोर्टवरचा शेरा तुमच्याकडे राहतो.

दुसरी अडचण आपल्या पासपोर्टची. ब्रिटिश कौन्सिलचा इंग्रजी असिस्टंटचा कार्यक्रम ब्रिटनमधल्या तरुणांना बाहेर पाठवण्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही. अनेक देशांच्या योजनांमध्ये ‘नेटिव्ह स्पीकर’ची अट असते आणि त्या यादीत भारत नसतो, मग आपलं इंग्रजी कितीही चांगलं असो. फ्रान्सचा भाषा-असिस्टंट कार्यक्रम मला म्हणूनच मोलाचा वाटतो. इंग्रजीच्या असिस्टंटसाठी भारतीय उमेदवारांनाही तिथे जागा असतात, निवड झाल्यावर फ्रान्सचं शिक्षण खातं रीतसर नेमणूक देतं, आणि महिन्याला पगार मिळतो. पॅरिसजवळच्या सेव्र इथली फ्रान्स एद्युकास्यों अँतेर्नास्योनाल ही सरकारी संस्था तो चालवते. आपल्याकडची जाहिरात आणि चौकशी भारतातल्या फ्रेंच दूतावासाच्या सांस्कृतिक विभागाकडून होते.

यात कोणालाही ‘प्रोसेसिंग फी’ द्यावी लागत नाही. ‘आमच्या ओळखीने लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

काम ढोबळमानाने असं: १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, आठवड्याला १२ तास, प्राथमिक शाळेत किंवा माध्यमिक शाळेत. पगार कापण्याआधी साधारण हजार युरो, हातात येतात आठशेच्या आसपास. लहान गावात यात भागतं. पॅरिसमध्ये फार ओढाताण होते.

२. फ्रेंचची तयारी एक वर्ष आधी

शिकवायचंय इंग्रजी, मग फ्रेंच कशाला? कारण बँक, घरमालक, शाळेचं कार्यालय, डॉक्टर, सगळं फ्रेंचमध्ये चालतं, आणि अर्जातही फ्रेंचची पातळी दाखवावी लागते. भाषेच्या युरोपीय पातळ्यांतली (ए-वन ते सी-टू) बी-वन म्हणजे किमान. बी-टू असेल तर निवडीतही फायदा आणि तिथे जगणंही सोपं.

अकरावी-बारावीला मार्कांसाठी घेतलेली फ्रेंच यासाठी पुरत नाही. त्यात नव्वदच्या वर गुण असले तरी फोनवर बोलणारा फ्रेंच माणूस समजत नाही. पुण्यात आलियाँस फ्रान्सेज आणि विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, म्हणजे आपलं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईत आलियाँस फ्रान्सेज आणि विद्यापीठाचा फ्रेंच विभाग, हे खात्रीचे पर्याय. गावाकडे असाल तर ऑनलाइन वर्ग लावा, पण डेल्फ ही फ्रेंचच्या पातळीची अधिकृत परीक्षा द्याच. या प्रमाणपत्राला मुदत नसते. एकदा बी-टू मिळालं की ते पुढे उच्चशिक्षणाच्या अर्जालाही चालतं.

तयारीत ऐकण्यावर आणि फोनवर बोलण्यावर जोर द्या. व्याकरण आपल्याकडच्या मुलांचं पक्कं असतं, कान कच्चे असतात.

३. अर्ज

अर्ज ऑनलाइन असतो आणि पुढच्या ऑक्टोबरच्या जागांसाठी आदल्या हिवाळ्यातच खिडकी उघडते व बंद होते. तारखा, वयाची अट आणि किती शिक्षण झालेलं हवं हे दर वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा. वय साधारण विशी ते तिशीच्या मधलं धरतात.

सोबत लागतं ते असं: पासपोर्ट, गुणपत्रिका, फ्रेंचच्या पातळीचा पुरावा, फ्रेंचमधलं प्रेरणापत्र आणि शिक्षकांचं शिफारसपत्र. शिफारसपत्रासाठी सरांना किंवा मॅडमना महिनाभर आधी गाठा. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजला कुलूप असतं आणि सुट्टी संपली की परीक्षा सुरू होतात.

प्रेरणापत्रात ‘मला फ्रेंच संस्कृतीची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येकाच्या पत्रात असतं. त्याऐवजी मुलांबरोबर तुम्ही काय केलंय ते लिहा. एनएसएसच्या शिबिरात शिकवलं असेल, शेजारच्या मुलांची शिकवणी घेतली असेल, गणेशोत्सवात लहानांचं नाटक बसवलं असेल, तर तेच ठोस लिहा. बारा-तेरा वर्षांच्या तीस मुलांसमोर हा उमेदवार उभा राहू शकेल का, हे त्यांना पाहायचं असतं.

अर्जात अकादमींची पसंती विचारतात. अकादमी म्हणजे फ्रान्सच्या शिक्षण खात्याचा विभाग, आणि तिचं मुख्य कार्यालय म्हणजे रेक्तोरा. सगळे पॅरिस, लियों, बोर्दो, नीस लिहितात. माझं मत विचाराल तर लिमोज, पोआतिए, क्लेर्माँ-फेराँ, दिजों, अमियां अशा कमी गर्दीच्या अकादमी लिहा. भाडं कमी, आणि गावात इंग्रजी बोलणारं कोणी नसल्यामुळे तुमची फ्रेंच दोन महिन्यांत सुटते. शिवाय लक्षात घ्या, पसंती ही फक्त पसंती असते. आणि अमियां अकादमी मिळाली म्हणजे अमियां शहर मिळालं असं नाही, त्या विभागातलं कुठलंही गाव मिळू शकतं.

४. जन्मदाखला: सगळ्यात आधी हातात घ्यायचा कागद

निवडीचा निकाल लागायची वाट न पाहता हे काम सुरू करा. फ्रान्समध्ये आरोग्य विम्याचा क्रमांक आणि घरभाड्याची मदत या दोन्हीसाठी जन्मदाखला मागतात, आणि त्यावर आई-वडिलांची नावं हवीत.

आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं. बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली, ‘नाव’ या रकान्यात नुसती रेघ. घरच्या फायलीतला दाखला आजच काढून बघा. रेघ असेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात नाव समाविष्ट करण्याचा अर्ज द्या. शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडिलांची ओळखपत्रं सोबत न्या. स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते तिथल्या तिथे, शिक्का पडायच्या आधी तपासा. आडनावात एक ‘डब्ल्यू’ आणि एक ‘व्ही’ असा फरकही तिकडे दोन वेगळी माणसं ठरवतो.

मग क्रम असा:

दाखल्याची नवी प्रत घ्या. राज्य शासनाच्या पातळीवर साक्षांकन करून घ्या. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा यासाठीचा शिक्का, जो मंत्रालयाने नेमलेल्या अधिकृत संस्थांमार्फत होतो. आणि शेवटी फ्रेंच भाषांतर, तेही शपथबद्ध भाषांतरकाराकडून. अपोस्टिल आधी, भाषांतर नंतर, म्हणजे अपोस्टिलच्या शिक्क्याचंही भाषांतर होतं. उलटं केलंत तर भाषांतराचे पैसे दोनदा जातात.

नावाबद्दल आणखी एक. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो, आणि पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव बहुतेक वेळा ‘गिव्हन नेम’मध्येच जातं. फ्रेंच कार्यालयं त्याला तुमचं दुसरं नाव समजतात. समजू द्या. सगळ्या फॉर्मवर पासपोर्टप्रमाणेच लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव घातलं आणि दुसऱ्या ठिकाणी गाळलं की पगाराची नोंद एका नावाने आणि विम्याची दुसऱ्या नावाने होते.

५. नेमणूक आल्यावर

निवड झाल्याचं साधारण वसंतात कळतं. ठरलेल्या मुदतीत होकार कळवा, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाते. शाळेचं नाव असलेलं नेमणूकपत्र, म्हणजे आरेते द नॉमिनास्यों, उन्हाळ्यात येतं. कोणाला जूनमध्ये मिळतं, कोणाला ऑगस्टमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या शाळा बंद असतात. मेलला उत्तर आलं नाही म्हणून घाबरू नका, पण पत्र आल्या आल्या, शक्य तर शाळा बंद व्हायच्या आत, एक मेल लिहाच.

त्या मेलमध्ये तीन गोष्टी विचारा. माझे संपर्क शिक्षक कोण? शाळेत किंवा वसतिगृहात असिस्टंटला राहायला खोली आहे का? आणि मागच्या वर्षीच्या असिस्टंटचा मेल मिळेल का? तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. माझ्या आधीच्या असिस्टंटने मला घरमालकिणीचा पत्ता, सकाळच्या बसची वेळ आणि कोणत्या वर्गाला गाणी आवडतात इथपर्यंत सगळं लिहून पाठवलं होतं.

नेमणूक दोन किंवा तीन शाळांत विभागलेली असू शकते. अशा वेळी घर बघण्याआधी त्या शाळांमधल्या बसचं वेळापत्रक बघा.

६. व्हिसा

तुम्ही विद्यार्थी म्हणून जात नाही, कामगार म्हणून जाता. व्हिसा दीर्घ मुदतीचा, ‘त्राव्हायर ताँपोरेर’ म्हणजे तात्पुरता कामगार या प्रकारचा हवा. फ्रान्स-व्हिजाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा आणि मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएस केंद्रात, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात, कागद व बोटांचे ठसे द्यायचे. काउंटरवर ‘टीचिंग’ ऐकून कोणी ‘स्टुडंट का?’ असं विचारलं तर नेमणूकपत्र आणि त्यासोबतची कामाची परवानगी पुढे करा आणि नम्रपणे प्रकार दुरुस्त करून घ्या.

सोबत न्यायची फाईल:

पासपोर्ट आणि त्याच्या झेरॉक्स
नेमणूकपत्र व कामाची परवानगी
ठरलेल्या मापाचे फोटो
सुरुवातीला राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा
बँकेचं स्टेटमेंट
व्हिसा अर्जाची छापील प्रत आणि फी

पोलीस पडताळणीचा दाखलाही पासपोर्ट सेवा केंद्रातून काढून ठेवा. मुलांबरोबरचं काम असल्यामुळे तो मागितला जाऊ शकतो.

अपॉइंटमेंट लवकर घ्या, कारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांची झुंबड असते. पासपोर्ट परत आला की स्टिकर तिथेच वाचा: नाव, तारखा, व्हिसाचा प्रकार. चूक भारतात असताना सुधारते.

विमान फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅममार्गे असेल तर पासपोर्टवरचा शिक्का त्या देशाचा पडतो, फ्रान्सचा नाही. म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवा. फ्रान्समध्ये कधी आलात याचा तोच पुरावा.

७. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे

ऑक्टोबरचा पगार ऑक्टोबरअखेर येतोच असं नाही. तुमचे बँकेचे तपशील आणि रुजू झाल्याचा कागद पगाराची यादी बंद होण्याआधी रेक्तोरात पोहोचले तर निदान उचल मिळते. नाही पोहोचले तर सरळ नोव्हेंबरअखेर. त्यामुळे घरून निघताना दोन महिन्यांचा खर्च, घराची अनामत आणि थोडे वरचे पैसे हवेतच. आई-बाबांशी हे आधीच मोकळेपणाने बोला. ‘पगार आहे ना तुला, मग पैसे कशाला?’ हा प्रश्न सप्टेंबरमध्ये येण्यापेक्षा मे महिन्यात आलेला बरा.

८. घर

भाड्याने घर घेताना फ्रेंच घरमालक जामीनदार मागतो, तोही फ्रान्समध्ये कमावणारा. तो आपल्याकडे नसतो. यावर उत्तर आहे व्हिजाल: आक्स्यों लोजमाँ या संस्थेची मोफत हमी, तिशीपर्यंतच्या तरुणांसाठी. भाडेकरार करण्याआधी अर्ज करून तिचं प्रमाणपत्र मिळवायचं असतं. मालक ‘व्हिजाल म्हणजे काय’ असं विचारेल, म्हणून त्यांच्या संकेतस्थळाची माहिती फोनवर तयार ठेवा.

पर्याय माझ्या पसंतीच्या क्रमाने असे. शाळेच्या वसतिगृहातली खोली, असेल तर डोळे झाकून घ्या. मग कोलोकास्यों, म्हणजे इतरांबरोबर सामायिक घर. मग तरुण कामगारांची वसतिगृहं, ज्यांना फोयेर द झन त्राव्हायर म्हणतात. एकट्याचं घर सर्वांत शेवटी. त्यात सामान, वीज, इंटरनेट, घराचा विमा सगळं अंगावर येतं, आणि सात महिन्यांसाठी ते परवडत नाही.

फसवणूक इथेच सर्वांत जास्त होते. फोटो सुंदर, भाडं कमी, मालक ‘सध्या परदेशात’, आणि किल्ली पोस्टाने पाठवतो म्हणून आधी पैसे मागतो. घर प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओ कॉलवर पाहिल्याशिवाय आणि करार हातात असल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. पहिला आठवडा होस्टेलमध्ये किंवा एखाद्या शिक्षकाच्या घरी राहून मग घर शोधलेलं केव्हाही चांगलं. शिक्षकांच्या खोलीत ‘असिस्टंटला घर हवंय’ अशी चिठ्ठी लागली की कोणाची तरी मावशी, कोणाचं तरी रिकामं माळ्यावरचं घर निघतंच.

९. पोहोचल्यावरचा क्रम

हा भाग छापून जवळ ठेवा.

पहिलं, फ्रेंच सिमकार्ड. भारतीय क्रमांकावर कोणतंही कार्यालय उलट फोन करत नाही.

दुसरं, पत्त्याचा पुरावा. घर मिळालं नसेल तर ज्यांच्याकडे उतरलात त्यांच्याकडून आतेस्तास्यों देबेर्जमाँ, म्हणजे ‘ही व्यक्ती माझ्याकडे राहते’ असं सहीचं पत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि त्यांचं वीजबिल. हे तीन कागद एकत्रच द्यावे लागतात.

तिसरं, बँक खातं. बँक म्हणते पत्ता आणा, घरमालक म्हणतो खातं आणा. वरचं पत्र असलं की ही कोंडी फुटते. तरीही बँकेची तारीख उशिराची मिळाली तर निकेल हे खातं तंबाखूच्या दुकानात, म्हणजे ताबामध्ये, पासपोर्टवर उघडतं आणि त्याला फ्रेंच रीब मिळतो. रीब म्हणजे तुमच्या खात्याच्या तपशिलांचा एक पानी कागद. त्याच्या भरपूर प्रती काढा, सगळीकडे लागतो.

चौथं, शाळेत रुजू झाल्याचा कागद, प्रोसे-व्हेर्बाल दँस्तालास्यों. पहिल्याच दिवशी शाळेच्या सचिवालयात जाऊन सही करा आणि तो रेक्तोराला आजच जाणार का, हे विचारा. पगाराची सुरुवात या एका पानापासून होते.

पाचवं, व्हिसाची ऑनलाइन नोंदणी, आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. व्हिसा क्रमांक, प्रवेशाची तारीख, पत्ता आणि ऑनलाइन भरलेला शासकीय कर लागतो. शेवटी मिळणारी पीडीएफ जपून ठेवा. ही नोंदणी राहिली तर व्हिसा पासपोर्टवर दिसत असूनही तुमचं राहणं बेकायदा ठरतं. तीन महिने आहेत म्हणून थांबू नका, पहिल्या पंधरवड्यात उरका.

सहावं, काफकडे, म्हणजे कुटुंबांना भत्ते देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, घरभाड्याच्या मदतीचा अर्ज. मागच्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे भाडेकरारावर सही झाली की त्याच आठवड्यात अर्ज टाका. जन्मदाखल्याचं भाषांतर इथे कामी येतं.

सातवं, आरोग्य विमा. आधी तात्पुरता क्रमांक, मग कायमचा, मग कार्त व्हिताल हे हिरवं कार्ड. याला महिने लागतात. तोवर डॉक्टरकडे गेलात तर पैसे भरा आणि त्यांनी दिलेला तपकिरी कागद ठेवा, पुढे परतावा मिळतो. सुरुवातीच्या काळासाठी भारतातून प्रवासविमा घेऊनच जा.

कुठल्याही कार्यालयात मूळ कागद देऊ नका, प्रत द्या. आणि ‘कागद मिळाला’ याची पोच मेलवर मागा. माझी एक फाईल एका कार्यालयात हरवली, आणि केवळ पोच मेलवर असल्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं नाही.

१०. वर्गात

तुम्ही असिस्टंट आहात, शिक्षक नाही. गुण देणं, शिक्षा करणं, पालकांशी बोलणं हे तुमचं काम नाही. मुलांना इंग्रजी बोलतं करणं, एवढंच काम. बहुतेक वेळा शिक्षक वर्गाचा अर्धा भाग तुमच्याबरोबर पाठवतात किंवा तुम्ही दोघं एकत्र तास घेता. कोणी पूर्ण वर्ग एकट्याने नियमित सांभाळायला सांगितलं तर संपर्क शिक्षकांशी लगेच बोला. जबाबदारी तुमची नसते आणि ती अंगावर घेऊही नये.

पहिला आठवडा मागच्या बाकावर बसून निरीक्षण मागा. त्याच आठवड्यात झेरॉक्स मशीनचा कोड, शिक्षकांच्या खोलीतला तुमचा कप्पा आणि वेळापत्रक घ्या. वेळापत्रकात ‘आठवडा अ’ आणि ‘आठवडा ब’ असे दोन प्रकार असतात आणि काही तास एक आड एक आठवडा येतात. नवीन असिस्टंट रिकाम्या वर्गासमोर उभे दिसतात ते यामुळे. बारा तास पाच दिवसांत विखुरण्याऐवजी तीन-चार दिवसांत बसवून मागा. सुरुवातीला मागितलं तर देतात, नोव्हेंबरमध्ये नाही.

शिक्षकांच्या खोलीत शिरताना मोठ्याने ‘बाँझूर’ म्हणा, रोज, सगळ्यांना. आपण लाजून गुपचूप कोपऱ्यात बसतो आणि तिथे तो उद्धटपणा ठरतो.

इयत्ता उलट्या मोजतात. कोलेज, म्हणजे माध्यमिक शाळा, सहावीपासून सुरू होऊन तिसरीवर संपतं, म्हणजे ‘सिझियेम’ची मुलं अकरा वर्षांची आणि ‘त्र्वाझियेम’ची चौदा-पंधरा वर्षांची. पुढे लिसेची, म्हणजे उच्च माध्यमिक शाळेची, तीन वर्षं आणि शेवटी बाकालोरेआ ही शालान्त परीक्षा.

फ्रेंच मुलं इंग्रजी बोलायला फार घाबरतात. चुकलं तर सगळे हसतील, ही भीती. ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हटलं की शांतता. म्हणून हातात वस्तू द्या. मी दहा रुपयांच्या नोटा नेल्या होत्या. चार-चार मुलांच्या गटाला एक नोट, आणि काम एकच: यावर किती भाषा आहेत, मोजा. मुलं नाक नोटेला लावून बसतात. मागच्या बाजूच्या पट्टीवर पंधरा आणि बाकी नोटेवर हिंदी व इंग्रजी, असं सतराचं उत्तर येईपर्यंत गटागटांत भांडणं सुरू होतात, आणि ती इंग्रजीत करायची हा नियम. मग त्यांना पट्टीवर मराठी शोधायला लावायची. ‘तुमच्या वर्गात किती भाषा बोलतात?’ असं शेवटी विचारलं तेव्हा कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने घरी आजीशी बोलायची तिची भाषा इंग्रजीत समजावून सांगितली. त्या वर्गाला नंतर कधी बोलतं करावं लागलं नाही.

मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक, डबेवाल्यांच्या डब्यावरच्या खुणा, क्रिकेटचे नियम, पोह्यांची कृती, यांवर उत्तम तास होतात. ताजमहाल आणि हत्ती नको. ते त्यांच्या पुस्तकात आहेतच.

उच्चारांची काळजी करू नका. कोणाची नक्कल करून अमेरिकी बोलू नका, स्वतःचं इंग्रजी सावकाश आणि स्पष्ट बोला. जगात इंग्रजी अनेक तऱ्हांनी बोललं जातं हे मुलांना कळणं हाही शिक्षणाचा भाग आहे, आणि चांगले शिक्षक याची कदर करतात. एखादा शिक्षक ‘खरं इंग्रजी’ वगैरे बोललाच तर मनाला लावून घेऊ नका, पुढच्या तासाची तयारी दाखवा.

मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, पाठमोरे असले तरी. पालकांच्या लेखी परवानगीचा तिथे कडक आग्रह असतो.

११. धर्म आणि शाळा

हे आधी समजून घ्या, म्हणजे तिथे दुखावले जाणार नाही. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने धर्म आणि शासन वेगळे झाले, आणि २००४ पासून सरकारी शाळांत विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हं घालता येत नाहीत. शासनाच्या सेवेतल्या माणसावर बंधन आणखी कडक. तुम्ही नेमणुकीने त्यांच्यातलेच एक आहात. गळ्यातला देवाचा लॉकेट कपड्याच्या आत ठेवा. टिकलीबद्दल मी आधीच संपर्क शिक्षिकेला विचारून घेतलं आणि शाळेत लावली नाही.

गणपती, दिवाळी याबद्दल शिकवायचं नाही असा याचा अर्थ नाही. सण म्हणून, इतिहास म्हणून, फराळ म्हणून जरूर सांगा. मुलांना आरती म्हणायला लावू नका, हात जोडायला लावू नका. दिवाळी बहुधा तूसँच्या, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या, सुट्टीच्या आगेमागे येते, तेव्हा तासाची तारीख आधी ठरवा.

१२. सुट्ट्या, जेवण, प्रवास

साधारण दर सहा-सात आठवड्यांनी दोन आठवडे सुट्टी: तूसँ, नाताळ, हिवाळी, वसंत. शेवटच्या दोन सुट्ट्यांच्या तारखा विभागानुसार बदलतात, तिकीट काढण्याआधी तुमचा विभाग ए, बी की सी ते बघा. सत्ताविशीपर्यंतच्यांना रेल्वेचं कार्त आव्हाँताज झन ४९ युरोंना मिळतं, दोन-तीन लांबच्या प्रवासांत वसूल होतं. तुमच्या व्हिसावर शेंगेन देशांत फिरता येतं, लंडनसाठी मात्र वेगळा व्हिसा.

शाळेच्या कँटीनमध्ये स्वस्तात गरम जेवण मिळतं. पूर्ण शाकाहारी असाल तर कायद्याने आठवड्यातून एकदा तरी शाकाहारी जेवण द्यावंच लागतं, इतर दिवशी डबा न्या. रविवारी लहान गावात दुकानं बंद असतात, शनिवारी सामान भरा. कुकर, गोडा मसाला, हिंग न्या. डाळ-तांदूळ तिथे मिळतात.

नोव्हेंबरनंतर साडेपाचला अंधार पडतो आणि मन खचतं. याला उपाय म्हणजे संध्याकाळी घराबाहेर पडायचं कारण. गावच्या नगरपालिकेकडे संस्थांची यादी असते: बॅडमिंटन, समूहगान, स्वयंपाक. वर्गणी फारशी नसते. माझ्या ओळखी तिथे झाल्या, शाळेत नाही.

१३. निघण्याआधी

एप्रिल सुरू झाला की घरमालकाला नोटीस द्या. सामान असलेल्या घराला साधारण महिन्याची नोटीस लागते. अनामत परत मिळण्यासाठी घर सोपवताना दोघांच्या सहीचा तपासणीचा कागद करा, तोच जो आत येताना केला होता. काफ आणि विमा कार्यालयाला जाण्याची तारीख कळवा. बँक खातं लगेच बंद करू नका, शेवटचा पगार आणि परतावे मागाहून येतात.

पगाराच्या सगळ्या पावत्या घ्या. आणि शाळेच्या लेटरहेडवर कामाचा दाखला मागा, त्यात तारखा, आठवड्याचे तास आणि कोणत्या वर्गांना शिकवलं ते लिहून घ्या. परत आल्यावर एम.ए. किंवा बी.एड.च्या प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, त्याला हा दाखला जोडला की ते वर्ष कुठे गेलं हा प्रश्नच उरत नाही. सही-शिक्का वसंताच्या सुट्टीआधी घ्या. सुट्टीत शाळेचं कार्यालय बंद असतं, आणि ती संपेपर्यंत कदाचित तुमचं विमान असेल.